पंचविसावी मिटवणी

त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या नावाने भाकर आणि प्याला घेणं, तीन महिन्यांतून एकदा असे आणि त्याच्या आदल्या शनिवारी असे मिटवणी. ज्याचं आपण काही वाईट केलं असेल त्याच्या दारी जायचं, काय केलं ते तोंडाने सांगायचं आणि क्षमा मागायची. समोरच्याने ती करायची. ज्याने मागितली नाही आणि ज्याला करता आली नाही, त्या दोघांनीही रविवारी प्रभुभोजनाला बाकावरून उठायचं नाही. हा नियम कुणा जुन्या पाळकाने घालून दिला होता. तो बिचारा फार सरळ माणूस असावा. लोक खरोखरच मोठमोठी पापं घेऊन एकमेकांच्या दारात उभे राहतील असं त्याला वाटलं असेल.

लोक काही इतके खुळे नव्हते. शनिवारी दुपारी सगळीकडे ये-जा चाले, पण माल सगळा किरकोळ. कुणी म्हणे, तुमच्या सुनेच्या गाण्याला मी नावं ठेवली. कुणी म्हणे, तुमची छत्री दीड वर्ष माझ्याकडे पडून आहे, आणि छत्री मात्र बरोबर आणलेली नसे. क्षमा मिळे, चहा मिळे, चार गप्पा होत. खरोखर मोठं काही असलं तर ते ज्याच्या त्याच्या पोटातच राही, आणि रविवारी सगळेच्या सगळे स्वच्छ चेहऱ्याने पुढे जाऊन गुडघे टेकत.

घाईबाई अशा चोवीस मिटवण्यांना थोरल्या जावेच्या दारी गेली होती. सहा वर्षं, वर्षातून चारदा. तुमची बादली न विचारता घेतली. तुमच्याबद्दल शेजारणीला म्हटलं की हिचा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. दर वेळी थोरली हसायची आणि म्हणायची, "केली क्षमा. आता बस, तेच गरम पाणी पी." आणि दर वेळी घाईबाई जिना चढून आपल्या खोलीत परत येई ती जे सांगायचं होतं ते तसंच घेऊन.

घाईबाई हे नाव सासूने ठेवलेलं. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात हिने धांदलीत दुधाचं पातेलं उपडं केलं, ते पुसायला धावली ती कपबशांचा ट्रे घेऊन पडली. म्हातारी म्हणाली, "ही सून नव्हे, ही घाईबाई." नाव चिकटलं ते कायमचं. नवराही त्याच नावाने हाक मारी. तो लांब पल्ल्याच्या ट्रकवर होता, तीन आठवड्यांतून एकदा घरी येई, दोन दिवस झोपून काढी आणि पुन्हा जाई. त्यामुळे घाईबाईचं खरं माणूस म्हणजे खालच्या मजल्यावरची थोरली.

दोघी इस्पितळाच्या लॉन्ड्रीत कामाला होत्या, एकाच रोलरवर, समोरासमोर. ओलसर चादर एका बाजूने रोलरमध्ये जायची आणि दुसऱ्या बाजूने कडक, गरम होऊन बाहेर यायची. ती दोघींनी दोन-दोन कोपरे धरून झेलायची, ताणायची, मग एकमेकींकडे चालत यायचं. घाईबाईने आपले कोपरे थोरलीच्या हातात द्यायचे, वाकून खालची घडी उचलायची, मागे सरायचं, परत पुढे यायचं. दिवसाला साडेचारशे चादरी. एकीचा हात सुटला तर चादर जमिनीवर, आणि जमिनीवर पडलेली चादर पुन्हा धुवायची. यंत्रांचा गोंगाट इतका की बोलणं ओठांवरून ओळखावं लागे. थोरली कधी घाई करत नसे आणि कधी मागेही पडत नसे. ती असली की घाईबाईचे हातसुद्धा शहाण्यासारखे वागत.

आता ते जे चोवीस वेळा सांगायचं राहिलं, ते असं.

सासू अर्धांगाने अंथरुणाला खिळली होती आणि थोरलीकडे होती. तेव्हा दोघींच्या पाळ्या वेगळ्या होत्या. थोरली रात्रभर म्हातारीपाशी बसे आणि पहाटे सहाला लॉन्ड्रीत जाई. सहा ते दीड घाईबाई बसे आणि मग दुपारच्या पाळीला जाई. म्हातारीला गिळायला त्रास. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, पाठीमागे उशी लावून बसती करायची, पाणी चमच्याचमच्याने द्यायचं, एक घोट गिळला की मग दुसरा, आणि झोपेतही उशी काढायची नाही, सपाट निजली तर श्वास कोंडेल. पेलाभर पाण्याला अर्धा तास लागे.

त्या सकाळी थोरली निघाली तेव्हा डोळे ओढलेले होते. "शेवटचा तासभर माझाही डोळा लागला गं," ती म्हणाली. "आई झोपल्यात. मी उठवलं नाही." आणि गेली. भाऊजी, म्हणजे थोरलीचा नवरा, शाळेत शिपाई. ते शाळेचं फाटक उघडायला आधीच गेले होते. थोड्या वेळाने म्हातारी जागी झाली आणि तिने पाणी मागितलं. घाईबाईने तिला उशीला टेकवलं, दोन चमचे दिले. तेवढ्यात जिन्यावरून शेजारणीची हाक आली. शेजारणीच्या भाचीने घरातून पळून जाऊन लग्न केलं होतं, आणि ही बातमी अर्धा तास थांबणारी नव्हती. घाईबाईने भरलेला पेला म्हातारीच्या चांगल्या हातात दिला, "हळूहळू घ्या हं" म्हटलं आणि जिन्यात गेली. वीस मिनिटांनी परत आली तेव्हा सगळं संपलं होतं.

पाणी उशीवर सांडलं होतं. घाईबाईने आयुष्यात सगळं घाईनेच केलं, पण त्या पाच मिनिटांत तिने जे केलं ते मात्र विचार करून केलं. ओली उशी काढून आपल्या खोलीत नेऊन टाकली. म्हातारीला सपाट निजवलं, तोंड पुसलं, पेला धुऊन पालथा ठेवला. आणि मग ओरडत जिन्यात आली: "मी उठवायला गेले तर आई कधीच्याच गेलेल्या!"

म्हणजे सगळ्यांच्या लेखी म्हातारी थोरलीच्या पाळीत गेली. थोरलीचा डोळा लागला तेव्हा गेली, डोक्याखाली उशी नसताना गेली, आणि थोरली मेलेल्या सासूला झोपलेली समजून कामावर निघून गेली. थोरलीला आठवेना, उशी आपण काढली की घसरली. भाऊजींनी चारचौघांत एकदाच म्हटलं, "एक उशी ठेवता आली नाही तुला." त्यानंतर सहा वर्षं ते बायकोशी दिवा बंद कर, दार लाव, एवढंच बोलले.

थोरलीने एकदाही उलट शब्द काढला नाही. आधीच ती बरी बाई होती, त्या दिवसापासून फार चांगली झाली. इस्पितळात कुणाचं कुणी नसेल तर त्याच्यापाशी जाऊन बसे. कुणी तिच्यावर डाफरलं तर म्हणे, माझ्यापेक्षा त्याचं काही चुकलेलं नाही. घाईबाई हे सगळं समोरून बघत होती, कोपऱ्याला कोपरा लावून, दिवसातून साडेचारशे वेळा.

तिला वाटत नव्हतं असं नाही. ती विश्वासणारी होती, वरवरची नव्हे. रोज गुडघ्यांवर बसे, आणि प्रार्थनेत क्षमेचं वाक्य आलं की तिला हटकून खोकला येई. पण भाऊजींचा धाक होता. ते नवऱ्याला सांगतील, नवरा घराबाहेर काढील, मंडळीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पुढच्या मिटवणीला सांगू, असं ती दर मिटवणीला ठरवत होती.

मग भाऊजींनीच अंथरूण धरलं. पोटाचं दुखणं होतं, बरं होणारं नव्हतं. आणि त्यांनी बायकोच्या हातचं पाणी नाकारलं. पाळकांसमोर म्हणाले, "तिला आजाऱ्यापाशी बसणं जमत नाही. एकदा बघितलंय मी. घाईबाईला बोलवा."

घाईबाई गेली. कामाच्या आधी आणि कामानंतर, आठ आठवडे. पाठीमागे उशी लावायची, मान सरळ करायची, एक चमचा, मग घोट गिळेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. घाईबाईने एकदाही घाई केली नाही. सहा वर्षांपूर्वी जे करायचं होतं ते तिने आता अगदी बिनचूक केलं. थोरली दारात उभी राहून बघायची. आपल्याच घरात, आपल्याच नवऱ्याला पाणी पाजताना दुसरीला बघायची, आणि म्हणायची, "तुझा हात हलका आहे गं. देव तुझं भलं करो." मधे एक मिटवणी आली, चोविसावी. घाईबाई म्हणाली, तुमचा एक चमचा माझ्याकडे राहिलाय.

पंधरा दिवसांनी भाऊजी गेले. शेवटचा घोट त्यांनी घाईबाईच्या हातून घेतला आणि तिच्या मनगटावर थोपटलं. थोरलीकडे बघितलंही नाही.

त्यांच्या स्मरणाच्या प्रार्थनेला थोरली उठून उभी राहिली. तिला बोलायची सवय नव्हती. खाली बघत म्हणाली, "माझ्या घरातून दोन माणसं गेली आणि दोघांनाही मला नीट पाणी देता आलं नाही. माझ्यासाठी प्रार्थना करा." सगळ्यांचे डोळे पाणावले. घाईबाईने तिला आपला रुमाल दिला. रुमाल देतानाच तिने तिथल्या तिथे ठरवलं: आता बस. आता ताईला मोकळं करायचं. हे मी माझ्यासाठी नाही, ताईसाठी करतेय, असं तिने प्रभूला निक्षून सांगितलं. प्रभूने त्यावर काही म्हटलं असेल तर ते तिला ऐकू आलं नाही.

पंचविसाव्या मिटवणीला ती खाली गेली तेव्हा तीन वाजले होते. थोरलीने दार उघडलं आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

"ये. या वेळी काय आणलंस? बादली की चमचा?"

"ताई, तुम्ही बसा आधी."

"मी बसते, तू चहा तर घे."

"चहा नको. ताई, आई तुमच्या पाळीत गेल्या नाहीत."

थोरलीच्या हातात गाळणं होतं. ती ते धरून तशीच उभी राहिली. घाईबाईने सगळं सांगितलं. भाचीचं लग्न, पेला, वीस मिनिटं. तिने स्वतःला कुठे सूट दिली नाही, हे कबूल करायला हवं. बोलताना तिला रडू येत होतं, आणि रडता रडता छातीवरचं ओझं खरोखर उतरतही होतं. इतकं की मधेच एकदा तिला जवळजवळ आनंद झाला.

"आणि उशी?" थोरलीने विचारलं.

"मी काढली. ओली होती. कुणी बघितली असती तर कळलं असतं."

"मी काढली नव्हती."

"नाही ताई. तुम्ही लावलेलीच होती. बरोबर लावली होती."

थोरली खुर्चीवर बसली. गाळण्यातून चहाचं पाणी तिच्या मांडीवर ठिबकत होतं. ती म्हणाली, "मी सहा वर्षं आठवते आहे. रोज. उशी हातात घेतली होती का, कुठे ठेवली. मला तर हल्ली दिसायलाही लागलं होतं, मी ती काढताना."

"ताई, माझ्याकडून चुकलं. मला क्षमा करा."

"तीन महिन्यांपूर्वी तू इथेच बसली होतीस," थोरली म्हणाली. "याच खुर्चीत. ते आत होते. दार उघडं होतं. तू चमचा परत केलास."

"मला भीती वाटत होती भाऊजींची."

"आता ते नाहीत. भ्यायला कुणी उरलं नाही, म्हणून आलीस."

घाईबाईने पदराने डोळे पुसले. असं काही नाही हे म्हणायला ती आली होती, पण ते तसंच होतं.

"ते माझ्या हातचं पाणी न घेता गेले," थोरली म्हणाली. आवाज चढला नाही. "तू एक वाक्य बोलली असतीस तर त्यांनी घेतलं असतं. एक चमचा तरी घेतला असता. आता मला तू खरं सांगून काय करू मी त्याचं? कुणाला नेऊन दाखवू?"

"मी यांना सांगते. मंडळीत उभी राहून सांगते, ताई, तुम्ही म्हणाल तर."

"मी म्हणेन तर?" थोरलीने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "तेही मीच म्हणायचं?"

मग ती उठली, गाळणं धुतलं, जागेवर टांगलं. पाठमोरीच म्हणाली, "क्षमा केली म्हणायला पाहिजे. म्हणून बघितलं मी आत्ता मनात. होत नाहीये. जा तू, घाई. मला बसू दे."

दुसऱ्या दिवशी उपासनेत थोरली नेहमीच्या जागी होती, खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर. घाईबाई मागे बसली होती. पाळकांनी क्षमेवर सांगितलं. ते दर वेळी सांगत तेच. मग भाकर आणि प्याला मांडला आणि एकेक बाक उठू लागला. तिसरा बाक उठला. थोरली उठली नाही. बाजूच्या बायका तिच्या गुडघ्यांना वळसा घालून बाहेर पडल्या. चाळीस वर्षांत असं कुणी बघितलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या मंडळीत कुणी बसून राहिल्याचंच कुणाला आठवत नव्हतं. एक डोकं वळलं, मग दुसरं, मग सगळीच.

घाईबाईच्या बाकाची पाळी आली. तिने क्षमा मागितली होती, मिळाली नव्हती. नियमाप्रमाणे मागणाऱ्याने आपलं केलं होतं, आणि नियम बाजूला ठेवला तर तिला चांगलं ठाऊक होतं की आज कुणी बसायचं आणि कुणी उठायचं. पण बाक उठला. सगळे तिच्या उठण्याची वाट बघत उभे होते, आणि ती बसून राहती तर दोन जावा एकाच दिवशी बसल्या, म्हणजे काय ते कुणीही ओळखलं असतं. ती उठली. थोरलीच्या शेजारून चालत गेली. पुढे जाऊन गुडघे टेकले, भाकर घेतली, प्यालाही घेतला. डोळे वर केले नाहीत. पाळकांना वाटलं भक्तीने.

बाहेर आल्यावर बायकांनी तिला गाठलंच. शेजारीण सगळ्यात पुढे होती, तीच ती भाचीवाली.

"काय गं, थोरली का उठली नाही? कुणाशी काही वाकडं आहे का?"

"मला काय ठाऊक," घाईबाई म्हणाली.

"काहीतरी मोठंच असणार," दुसरी म्हणाली. "नवरा उगाच नव्हता तिच्या हातचं पाणी नाकारत."

"तब्येत बरी नसेल तिची," घाईबाई म्हणाली. तिला आणखी बोलायचं होतं. शब्द तोंडाशी आले होते, शपथेवर. तेवढ्यात थोरली दारातून बाहेर आली, बायका गप्प झाल्या, आणि गप्प राहणंच सगळ्यात सोपं होतं. थोरली त्यांच्यामधून कुणाकडे न बघता गेली. कुणीही तिला हाक मारली नाही.

सोमवारी घाईबाई लॉन्ड्रीत लवकर पोचली. तिला वाटलं थोरलीने जागा बदलून मागितली असेल. पण थोरली रोलरच्या पलीकडे उभी होती, बाह्या वर करून. पहिली चादर बाहेर आली. दोघींनी झेलली, ताणली, एकमेकींकडे चालत आल्या. घाईबाईने कोपरे पुढे केले, थोरलीने ते घेतले. बोटांना बोटं लागली. तिची बोटं नेहमीसारखीच गरम होती.

चाळीसेक चादरी झाल्यावर थोरलीचे ओठ हलले. "काल बायका काय विचारत होत्या?"

घाईबाईने सांगितलं.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, तुमची तब्येत बरी नाही."

पुढची चादर आली. दोघी मागे सरल्या, पुढे आल्या. थोरलीने कोपरे घेतले, पण लगेच मागे वळली नाही. तिचा चेहरा अगदी जवळ होता, आणि त्यावर असा कडवटपणा होता जो सहा वर्षांत भाऊजींच्या एकाही शब्दाने तिथे आणला नव्हता. तिने सावकाश, एकेक अक्षर ओठांवर नीट दिसेल असं म्हटलं:

"तीन महिन्यांनी मिटवणी आहे. तेव्हा येऊन हेही सांग."

मग तिने घडी घातली आणि चादर गठ्ठ्यावर ठेवली. रोलरमधून पुढची बाहेर येतच होती, आणि घाईबाईने हात पुढे केले.